एक दिवस टिकणाऱ्या खुणा

चूक एका शब्दाची होती. पुढे हेमांगी कुबलने ती अर्ध्या आडबंदराला समजावून सांगितली, आणि ऐकणारा प्रत्येक जण शेवटी तेच विचारायचा, "एका शब्दान एवढो राडो?" तर हो. एका शब्दाने ठरलेली लग्नं मोडतात, मग प्रोग्रॅम मोडायला काय हरकत आहे!

पण आधी कानांचं सांगायला हवं, कारण कान नसते तर पुढचं काहीच झालं नसतं.

आडबंदरच्या समुद्रात तेव्हा बावीस कान होते. तरंगत्या बोयांखाली, पाण्यात खोल सोडलेले, सोललेल्या नारळाएवढे. समुद्र मुका असतो हा किनाऱ्यावर फिरायला येणाऱ्यांचा समज. आत अखंड बडबड चालू असते. बारीक कोळंबी तडतडते, तापल्या तेलात मोहरी पडावी तशी. ढोमा मासा पोटातली हवेची पिशवी वाजवतो. आणि गोबरा, खडकाच्या कपारीत तोंड पाडून बसणारा तो जाडजूड मासा, विणीच्या दिवसांत असा घुमतो की दूरच्या गावात कुणाच्या तरी देवळात ढोल लागलाय असं वाटावं. एका संशोधन संस्थेने हे आवाज वर्षानुवर्षं साठवून यंत्राला शिकवले होते: हा कुणाचा, किती जणांचा. एकच आवाज बावीस कानांना किंचित मागेपुढे ऐकू येतो, त्या फरकावरून जागाही कळते. दहा वर्षांपूर्वी जे मोठ्या जहाजांनाही परवडत नव्हतं, ते आता गरी टाकून मासे धरणाऱ्या दोन माणसांच्या होडीला फोनवर मिळत होतं.

ते होडीपर्यंत पोचवणारं वेब अ‍ॅप हेमांगीने लिहिलं होतं. बारावीनंतर ती मच्छीमार सोसायटीत टायपिंगला लागली. सदतिसाव्या वर्षी, सोसायटीचा आधीचा अ‍ॅपवाला पुण्याला पळाल्यावर, ती पायथन शिकली. बर्फाच्या कारखान्याच्या घरघरीत, फोनवरचे धडे तीन-तीनदा मागे नेऊन. नवरा उमेश याच कारखान्याचा मेकॅनिक. तो म्हणायचा, "माझ्या मशिनीक ग्रीस लागता, तुझीक काय लागता?" ती म्हणायची, "शिये." शिव्या खरोखरच लागायच्या.

आता यात मेख अशी, की गरीने मासे धरणारा माणूस आपली जागा कुणाला सांगत नाही. त्याला 'खूण' म्हणतात. किनाऱ्यावरचा अमुक सुळका तमुक झाडाच्या डोक्यावर आला आणि डावीकडे अमका खडक तमक्या टोकाआड गेला, की खाली खडप, पाण्यातला खडक, असतं आणि खडपात मासा. बाप मुलाला सांगतो, तेही होडीत, तेही एकदाच. मुलीला सांगत नाही. मुलगी लग्न होऊन जाणार, सोबत खूण सासरी नेणार. हेमांगीच्या बापाने, शांताराम मेथरने, तिला पोहायला शिकवलं, जाळं विणायला शिकवलं, तिच्या परीक्षेच्या दिवशी होडी न काढता तो शाळेबाहेर बसून राहिला. खुणा मात्र थोरल्या मुलाला, बाबाजीला, म्हणजे बाबलला दिल्या. हेमांगी गावातल्या गावातच, कुबलांकडे गेली. चार घरं पलीकडे. पण पलीकडे म्हणजे पलीकडेच.

म्हणून अ‍ॅप सुरू करताना सोसायटीच्या सभेत ती उभी राहिली होती. प्रत्येकाने आपापल्या खुणा आपल्या फोनवरून नकाशावर टोचायच्या, यंत्र फक्त तिथला आवाज ऐकून सांगणार. "मी बघूचंय नाय," ती म्हणाली होती. "माझ्या हातात चावी आसा, पण मी कपाट उघडूचंय नाय." आणि सहा वर्षं तिने ते पाळलं. खुणांचं पान तपासायचं झालं तर समुद्रात भलतीकडे, जिथे नुसता चिखल, तिथे खोट्या खुणा टोचून तपासायची. आणखी एक खबरदारी म्हणून तिने पानाच्या पत्त्यात होडीचं नाव येऊ दिलं नव्हतं, पानावरही नाही. कुणी खांद्यावरून डोकावलं तरी कळू नये की हे कुणाचं. सगळ्यांच्या खुणांच्या पानाचा पत्ता एकच. कोण विचारतंय ते फोन वेगळ्या चिठ्ठीतून गुपचूप सांगायचा. हेमांगीला आपल्या या हुशारीचं कौतुक होतं. ठेच नेमकी तिथेच लागली.

दुपारी चार वाजता यंत्र दिवसभराचं ऐकून तयार व्हायचं आणि एकशे त्रेचाळीस होड्या एकदम विचारायच्या: उद्या कुठे? एकेका होडीच्या खुणांचा हिशेब करायला सर्व्हरला चाळीस सेकंद लागत. त्यात लोक फोन हलवून हलवून पान पुन्हा उघडत, म्हणजे तोच हिशेब पुन्हा. साडेपाचपर्यंत सगळं ठप्प. बाबलदादाचा रोज फोन. "काय गो, तुझो दर्यो जेवक गेलो काय?"

"हात धुता हा. थांब वायच."

"माझी होडी तरी म्हातारी. तुझो सर्व्हर तर जन्मल्यापासून म्हातारो."

यावर उपाय काय, ते तिने दोन महिने वाचलं. उपाय जुनाच होता, वेबच्या लहानपणापासूनचा. कॅशिंग म्हणतात त्याला. तिने तो आपल्यापुरता असा समजून घेतला: पाहुणा आला की दर वेळी चूल पेटवायची नाही. सकाळचं माशाचं तिखलं झाकून ठेवलेलं असतं, ते वाढायचं. फक्त झाकणावर लिहायचं की हे कधीपर्यंत चांगलं आहे. सर्व्हर उत्तर पाठवताना वर एक शिक्का मारतो: इतके सेकंद चालेल. तोवर फोन पुन्हा विचारायलाच येत नाही, आपल्याजवळचंच दाखवतो. मुदत संपली की फोन फक्त उत्तराचा ठसा पाठवून विचारतो, माझ्याकडे हे आहे, बदललंय का? नसेल बदललं तर सर्व्हर एका ओळीत सांगतो, नाही बदललं. सगळं जेवण पुन्हा वाढायची गरज नाही.

शिवाय बंदराच्या टॉवरखाली एक पेटी होती, येणाजाणाऱ्या उत्तरांच्या प्रती ठेवणारी. लोक तिला पेटारा म्हणत. एकाने विचारलेलं दुसऱ्यालाही हवं असेल तर पेटाराच देऊन टाकी, सर्व्हरला कळायचंही नाही. मात्र तशी परवानगी शिक्क्यातच द्यायची असते. 'पब्लिक' लिहिलं की पेटाऱ्याने ठेवावं आणि कुणालाही द्यावं. 'प्रायव्हेट' लिहिलं की ज्याचं त्याच्याच फोनमध्ये.

हवामान, भरती-ओहोटी, बर्फाचा साठा ही पानं सगळ्यांना सारखीच. तिने बाहेर पडणाऱ्या प्रत्येक उत्तरावर शिक्का मारणारं सात ओळींचं फंक्शन लिहिलं. मुदत एक दिवस, कारण उद्या चार वाजल्याशिवाय नवं काही येणारच नाही. आणि शब्द लिहिला: पब्लिक. सगळ्या पानांना. एकदम.

गुरुवारी चार वाजता तिने ते सुरू केलं. आणि काय सांगावं! चार वाजून दोन मिनिटांनी सगळं शांत. सर्व्हरचा पंखासुद्धा थांबला. उमेश दारात येऊन म्हणाला, "मेलो काय गो?"

"नाय रे," हेमांगी म्हणाली, "पयल्यांदाच पोट भरून झोपलो." मग तिने समोरच्या टपरीवरून कांदाभजी मागवली आणि टेबलावर पाय ठेवून खाल्ली. आयुष्यात माणसाला अशी वीस-पंचवीस मिनिटं मिळतात. ती तिला मिळाली.

इनास फर्नांडिस आत आले तेव्हा चार चाळीस झाले होते. इनासमाम सोसायटीचे चेअरमन. वय शहात्तर, अजून स्वतः होडी नेणारे, बोलणं मोजकं. त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि वर आपली टोपी ठेवली.

"हेमांगी, माझ्यो पाच खुणा. आज तीन दिसतत. आणि ह्यो माझ्यो न्हय."

हातातलं भजं तिने खाली ठेवलं. पत्ता एकच. सगळ्यांचा एकच. पेटाऱ्याला चिठ्ठीतलं नाव काय कळणार? त्याने पहिल्या विचारणाऱ्याचं पान ठेवून घेतलं आणि मागून आलेल्या प्रत्येकाला तेच वाढलं.

"बघलंत तुमी?" तिने विचारलं.

"कळीपर्यंत माझा समजून बघलंय. मगे पालथो केलंय." त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "कोणाच्यो, ता माका सांगू नको."

तिने पान उघडलं नाही. फक्त सर्व्हरच्या नोंदीत पाहिलं, चार वाजल्यानंतर पहिला कोण आला. चार वाजून दोन सेकंद. बाबाजी शांताराम मेथर. अर्थात तोच. तोंडाने टोमणे मारायचा, पण सहा वर्षं रोज चारच्या ठोक्याला बहिणीच्या अ‍ॅपवर पहिलं बोट त्याचंच पडायचं.

चार पंचेचाळीसला तिने शब्द बदलला. खुणांच्या पानावर तर प्रायव्हेटही नको, 'ठेवूच नका' असा शिक्का मारला. पेटारा रिकामा केला. सगळं पाच मिनिटांत झालं, आणि मग ती खुर्चीत नुसती बसून राहिली. कारण नोंदीप्रमाणे सत्त्याण्णव फोनांत ते पान पोचलं होतं, आणि त्यावर तिनेच लिहून दिलं होतं की हे उद्या चारपर्यंत चांगलं आहे. फोन आता विचारायला येणारच नव्हते. जे सर्व्हरकडे विचारायला येत नाही, त्याला सर्व्हर काय सांगणार? पत्ता बदलावा म्हटलं, तर नवा पत्ता सांगणारं पहिलं पानही तिने त्याच शिक्क्याने पाठवलं होतं.

"परत बोलवूक येणा नाय?" इनासमामांनी विचारलं.

"नाय."

"मगे चालत जावक व्हया," ते म्हणाले आणि टोपी उचलली. "साडेसहाक लिलावाच्या शेडीत बोलवतंय सगळ्यांका. तू आदी जेच्याकडे जावक व्हया, तेच्याकडे जा."

बाबल अंगणात बसून गरीला दोर बांधत होता. तिला पाहून त्याने पायाने स्टूल पुढे सरकवलं. "आज तुझो दर्यो धावलो गो! मी बोट ठेवलंय आणि—"

"दादा, तुझ्यो खुणा सगळ्यांका दिसल्यो."

त्याने आधी हसून पाहिलं. मग तिचा चेहरा पाहिला. तिने सगळं सांगितलं, शब्दासकट. तो गरीच्या टोकाला अंगठा लावून बसला होता, तसाच बसून राहिला.

"बापाशीन तुका सांगूक नाय," तो म्हणाला, "ता तू सगळ्या गावाक सांगितलंस."

ती स्टुलावर बसली नाही, उभीच राहिली.

"तू तरी बघलंस काय?" त्याने विचारलं.

"नाय."

"सगळो गाव बघता, आणि तू बघूक नाय!" त्याने गरी टोपलीत टाकली. "तिसरी खूण बाबांची. वर काय लिवलेला आसा तुका ठावक आसा? गोबरा, भरपूर. परवा अवस. मार्गशीर्षातल्या अवसेच्या आदी चार दीस आणि मागे चार दीस बाबा थय गरी टाकीत नसत. माकाय टाकूक दिली नाय. आजोबांचो नियम, म्हणत. तुझ्या अ‍ॅपार दर वर्सा ताच बघान माझ्या लक्षात इला कित्याक. थय ते येतत गो. लांबलांबचे गोबरे, सगळे एकाच खडपार, जमूक. पोरा घालूक. आणि फाल्या सकाळी सत्त्याण्णव होड्यो थय जातल्यो. चार दिसांत सगळो खडप साफ. मगे बसा बावीस कान लावन. काय ऐकतलंस?"

हेमांगीने गोबऱ्याबद्दल वाचलं होतं. तो सावकाश वाढतो. आठ-दहा वर्षांचा झाल्याशिवाय त्याची पुढची पिढी नाही. विणीला जमलेला थवा एकदा उपसला की ती जागा पुढच्या पिढीच्या आठवणीतूनच जाते. वाट दाखवणारे जुने मासेच उरत नाहीत. हे सगळं तिने दादाला सांगितलं नाही. त्याला ते तिच्याहून चांगलं माहीत होतं, फक्त वेगळ्या शब्दांत.

"मी शेडीत सगळ्यांसमोर सांगतंय," ती म्हणाली. "तू येतलंस?"

तो उठून घरात गेला. वयनी, बाबलची बायको, चहाचा कप घेऊन बाहेर आली, नवऱ्याला आत जाताना पाहिलं आणि कप हेमांगीच्याच हातात दिला. "पी गो. तो येतलो. आदी वायच धुसफुसतलो."

शेडीत बर्फाचं पाणी सांडलेलं, त्यात शंभरावर माणसं उभी. काही जण भलतेच खुशीत होते. "हेमांगीवयनी, आज काय कमाल केल्यात! अ‍ॅप आता स्वतःच सांगता खंय जावचा!" त्यांना वाटत होतं ही नवी सोय आहे. तिने मासळीच्या क्रेटवर उभं राहून त्यांना सांगितलं की ही सोय नव्हे, एका माणसाच्या खुणा आहेत. ज्याच्या, त्याचं नाव ती घेणार नाही. चूक तिची, सात ओळींतल्या एका शब्दाची. फोनातून ती काढता येत नाही. डोक्यातून तर त्याहून नाही.

मग जो कल्लोळ झाला तो झाला. "आज तेच्यो, फाल्या माझ्यो!" "कान काढून टाका दर्यातले!" "बाईमाणसाच्या हातात चावी दिल्यार—" या वाक्याला त्या माणसाच्या बायकोनेच मागून धपका घातला. एक तरणा म्हणाला, "झाला ता झाला. दर्यो काय कोणाच्या बापाचो न्हय. भरपूर लिवलेला आसा तर मी जातलंय."

"जा," मागून आवाज आला. बाबल होता. खांबाला टेकून उभा. "खुणा माझ्यो. माझ्या बाबांच्यो. नाव घेवक काय लाज नाय."

हेमांगीने डोळे मिटून घेतले. आता तो काय म्हणणार याची तिला भीती होती. पण बोलले ते इनासमाम. आधी त्यांच्या खांद्यांची हालचाल दिसली. म्हातारा चक्क हसत होता.

"बाबल्या, तुझी तिसरी खूण. तुझो बापूस खयच्या रेघेन जाय, ता माका ठावक नाय. माझो बापूस, आमचो पाय, म्हणा, आमच्या क्रुसाचो माथो डोंगराच्या खिंडीत धर. मी धरतंय. चाळीस वर्सां. आज तुझ्यो खुणा माझ्या फोनात इल्यो, दोन परक्यो, आणि तिसरी, हेमांगीक मी बोललंय नाय, माझीच. तोच खडप."

"काय बोलतास, इनासमाम?"

"खोटा कित्याक बोलू?"

मग मुनाफ वस्ता, मुसलमान मच्छीमारांच्या दालदी मोहल्ल्यातला, घसा खाकरत पुढे आला. त्याची खूण दीपगृहावरून. पण खडप तेच. मग धुरींच्या घरातला एक. मग मघाशी धपका खाल्लेला. एकेक हात वर होत गेला, शाळेत कुणी खोडी केली विचारल्यावर होतो तसा, नाइलाजाने. अकरा घरं. तीन पिढ्या. प्रत्येकाला वाटे, जगात हे फक्त आमच्या घराला ठाऊक.

"पण मी थय कधी दुसरी होडी बघूक नाय!" बाबल म्हणाला.

"कशी बघशीत?" मुनाफ म्हणाला. "लांब होडी दिसली की तू काय करतंस?"

"परत फिरतंय. नायतर तेका खूण कळतली."

"मीपण."

आणि मग हसू फुटलं. आधी अकरा जणांना, मग सगळ्या शेडीला. तीन पिढ्या हे लोक एकमेकांना पाहून समुद्रात उगाच वळसे घालत होते, मासेच नाहीत असा चेहरा करून घरी येत होते.

हेमांगी हसली नाही. तिच्या डोक्यात काहीतरी जागेवर बसत होतं. "ऐका," ती क्रेटवरून म्हणाली. "त्या खडपार एका टायमाक एकच होडी जाय, ती तुमच्या लपवण्यामुळे. कोणी नियम केलो नाय, ठराव केलो नाय. तुमी एकमेकांपासून चोरलात म्हणान तो खडप रवलो. आता ती चोरी मी मोडलंय. सत्त्याण्णव जणांका एकदम ठावक झाला, म्हणजे परत फिरूक कोणाक कारण उरला नाय. ता कारण आता तुमकाच ठरवूक व्हया. माझ्या अ‍ॅपाक ठरवूक येणा नाय."

"आणि अवसेचो नियम?" इनासमामांनी विचारलं. "आमच्या पायचोपण होतो. नाताळाच्या सुमाराक अवस इली की थय जावचा नाय. आमका वाटा देवाचो म्हणान."

मुनाफनेही मान हलवली. प्रत्येक घराने त्याला वेगळं कारण दिलं होतं, दिवस मात्र तेच धरले होते.

पण ठराव काही झाला नाही. तरणे म्हणाले बघू, म्हातारे म्हणाले सांभाळा, आणि दिवेलागणीला शेड रिकामी झाली. बाबल तिच्याशी एक शब्दही न बोलता निघून गेला.

सकाळी फटफटायच्या सुमारास दाराची कडी वाजली. बाबल उभा होता, खांद्यावर वल्हं. "चल."

"खंय?"

"खंय म्हणजे काय? बाजारात?"

आडबंदरच्या बायका मासळी विकतात, सुकवतात, सोसायटी चालवतात. होडीत बसून खडपावर मात्र जात नाहीत. उमेश अंथरुणातून ओरडला, "स्वेटर घाल गो!" एवढीच काय ती चर्चा.

होडी खाडीतून बाहेर पडली तशी हेमांगीने पाठ किनाऱ्याकडे केली आणि नजर आपल्या पावलांवर ठेवली. कुठला डोंगर कशाच्या आड जातोय ते तिला दिसू नये म्हणून. एक तास ती होडीच्या तळातलं पाणी बघत राहिली. बाबल मागे सुकाणूवर. मग त्याने इंजिन बंद केलं.

"इलो," तो म्हणाला. आणि जरा वेळाने, "बघ. इले सगळे."

तिने समुद्राकडे, फक्त समुद्राकडे मान वर केली. ऊन वर येत होतं. दोन होड्या, पाच, अकरा. मागून आणखी. तिने मोजायला सुरुवात केली आणि तिसाला सोडून दिली. एका शब्दाने एवढे मासे जाणार, आणि ते बघायलाच दादाने आणलं असेल, असं तिला वाटलं.

होड्या जवळ आल्या आणि एकेक करून इंजिनं बंद झाली. मोठं कडं झालं. कुणी गरी सोडली नाही. सगळे एकमेकांकडे बघत बसले.

"काय रे मेल्या," बाबल शेजारच्या होडीतल्या कालच्या तरण्याला ओरडला, "तू तर जातलंय म्हणा होतंस. टाक की गरी!"

"मी खंय टाकतंय? मी तुका बघूक इलंय, तू टाकतंस काय ता!"

"आणि तू रे?"

"मी तेका बघूक!"

पन्नासावर होड्या डिझेल जाळून आल्या होत्या, त्या एवढ्यासाठी की दुसऱ्याने गरी टाकू नये. आडबंदरकरांची ही नियत हेमांगीला जन्मापासून ठाऊक होती, पण ती अशी उपयोगी पडेल असं कधी वाटलं नव्हतं. पुढे त्या नऊ दिवसांचा ठराव झाला, पाळीही लागली, खडपावर सोसायटीने तेविसावा कान बसवला. पण ते सगळं नंतर. त्या सकाळी नुसता एकमेकांवरचा अविश्वास होता, आणि पुरला.

कड्याच्या मध्ये इनासमाम उभे राहिले. त्यांनी आपलं वल्हं पाण्यात उभं सोडलं, वाकले आणि दांड्याला कान लावला. जुनी माणसं असंच ऐकायची, बावीस कानांच्या कितीतरी आधी. हात वर करून त्यांनी सगळ्यांना गप्प केलं. बाबलने वल्हं सोडलं आणि बहिणीला खूण केली. तिने लाकडाला कान टेकला. थंड, खारट, ओलं. आधी नुसतं तडतडणं. मग त्याच्या खालून, फार खालून, एक घुमारा आला. थांबला. दुसरीकडून त्याला उत्तर आलं. मग तिसरं, आणि मग मोजता येईनात इतके. सहा वर्षं ती हा आवाज स्क्रीनवर रेघ म्हणून बघत होती. तो दातांत जाणवतो हे तिला माहीतच नव्हतं.

बऱ्याच वेळाने तिने डोकं वर केलं, आणि लगेच खाली घातलं.

"काय झाला गो?" बाबल म्हणाला.

"होडी फिरली, समोर किनारो दिसता. मी बघूचंय नाय म्हटलेलंय."

तो मागून उठून होडीच्या मध्यात आला. होडी डुचमळली. तिच्या शेजारी बसला आणि तिची हनुवटी धरून वर केली, लहानपणी तिच्या डोळ्यांतलं कुसळ काढताना करायचा तसं.

"बाबांनी सांगूक नाय. मी सांगतंय. एकदाच सांगतलंय, नीट बघ. तो काळो सुळको दिसता? तेच्या डोक्यार सुरंगीच्या झाडाचो शेंडो. दिसलो?"

"व्हय," ती म्हणाली. खरं तर तिला काहीच दिसत नव्हतं. डोळ्यांत पाणी भरलं होतं आणि सुळका, शेंडा, किनारा सगळं एकात एक विरघळलं होतं.

"खोटारडी," बाबल म्हणाला. "पूस डोळे. मी थांबतंय."